१९३ देश, १५ जागा

१८ डिसेंबर १९६१ रोजी न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषदेत गोव्याचा प्रश्न मताला आला. भारतीय सैन्य पोर्तुगालच्या ताब्यातल्या गोव्यात शिरले होते. लढाई ताबडतोब थांबवावी आणि भारताने फौजा मागे घ्याव्यात, असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी मांडला होता. त्याच्या बाजूने ७ मते पडली, विरोधात ४. परिषदेत तेव्हा ११ सदस्य होते आणि ठराव मंजूर व्हायला ७ मते पुरेशी होती. म्हणजे निव्वळ मोजणीत भारत हरला होता. विरोधातल्या चार मतांपैकी एक सोव्हिएत युनियनचे होते आणि त्या मताला नकाराधिकार होता, म्हणून ठराव पडला. त्याच बैठकीत सिलोन म्हणजे आजचा श्रीलंका, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक म्हणजे इजिप्त यांनी नेमका उलटा ठराव मांडला होता: पोर्तुगालची तक्रार फेटाळा आणि आपल्या वसाहती सोडून द्यायला त्याला सांगा. त्याला ४ मते मिळाली, विरोधात ७ पडली.

आपल्याकडे या मतदानाची आठवण ‘रशिया आपल्या पाठीशी उभा राहिला’ एवढ्यावर थांबते. ती खरीच आहे. पण त्या अकरा मतांची फोड केली, तर विसाव्या शतकातल्या जागतिक व्यवस्थेची सारी घडण तिच्यात सापडते.

बाजूच्या ७ मतांपैकी ४ मते अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांची, म्हणजे नाटो करारात पोर्तुगालसोबत असलेल्या देशांची. दोन चिली आणि इक्वेडोरची. सातवे चीनचे. हा चीन बीजिंगचा नव्हे. मुख्य भूमीवरून १९४९ मध्ये बाहेर पडलेले, तैवानपुरते उरलेले सरकार त्या जागेवर बसले होते, आणि ते पुढे १९७१ पर्यंत बसले. २५ ऑक्टोबर १९७१ रोजी आमसभेने ७६ विरुद्ध ३५ मतांनी ती जागा बीजिंगला दिली. १७ देश तटस्थ राहिले. म्हणजे गोव्याच्या ठरावाला आवश्यक असलेली सात मते भरली, त्यात चिनी जनतेवर राज्य नसलेल्या सरकारचे एक मत होते. ते नसते तर ठराव सहा मतांवर अडला असता आणि नकाराधिकाराची गरजही पडली नसती.

विरोधातली चार मते सोव्हिएत युनियन, सिलोन, लायबेरिया आणि इजिप्त यांची. यातल्या सिलोनला संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाला १४ डिसेंबर १९५५ रोजी. त्याच दिवशी पोर्तुगालही आत आला, कारण अमेरिका आणि रशिया यांच्या सौद्यात १६ देशांना एकदमच घेतले गेले होते.

आता त्याच काळातल्या आमसभेकडे पाहा. १४ डिसेंबर १९६० रोजी वसाहतींना स्वातंत्र्य देण्याविषयीचा जाहीरनामा तिथे ८९ विरुद्ध ० मतांनी मंजूर झाला. ९ देश तटस्थ राहिले. त्यात अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, स्पेन, बेल्जियम, पोर्तुगाल आणि दक्षिण आफ्रिका होते. विरोधात मत टाकण्याची हिंमत त्यांपैकी एकालाही झाली नाही. दुसऱ्याच दिवशी ६८ विरुद्ध ६ मतांनी पोर्तुगालच्या ताब्यातले कोणते प्रदेश वसाहती आहेत याची यादी मंजूर झाली आणि तिच्यात गोव्याचे नाव होते. पोर्तुगालने १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ ठरवले होते, त्यामुळे आपल्याकडे वसाहतच नाही असा त्याचा दावा होता. आमसभेने तो दावा उडवून लावला.

म्हणजे जेमतेम एका वर्षाच्या अंतराने एकाच संस्थेच्या दोन सभागृहांनी गोव्याबद्दल परस्परविरुद्ध कौल दिले. आमसभेत १९६१ अखेर १०४ देश होते, परिषदेत ११. त्या १०४ मध्ये निकाल काय लागेल, हे ठराव मांडणाऱ्यांनाही ठाऊक होते. परिषदेत ठराव पडल्यावर तो प्रश्न आमसभेत नेला गेला नाही.

आधी घट, मग वाढ

देशांची संख्या कायम वाढतच आली, असा आपला समज असतो. तो खरा नाही. आधुनिक राज्यव्यवस्थेचा आरंभ म्हणून १६४८ चा वेस्टफालियाचा तह सांगितला जातो. त्या वेळी एकट्या जर्मन भूमीवर पवित्र रोमन साम्राज्याच्या छत्राखाली तीनशेहून अधिक राज्ये, जहागिऱ्या, धर्मपीठे आणि नगरे होती. १८१५ मध्ये व्हिएन्नाच्या काँग्रेसने घडवलेल्या जर्मन संघात ३९ च्या आसपास उरली आणि १८७१ मध्ये त्यांतल्या बहुतेकांचे एक साम्राज्य झाले. आपल्याकडे १९४७ मध्ये ५६५ च्या आसपास संस्थाने होती. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि दोनअडीच वर्षांत जवळजवळ सगळी यादी संपली.

युरोपात राज्ये एकत्र होत होती त्याच काळात युरोपबाहेरची राज्ये मोजणीतून पुसली जात होती. १८८४ च्या नोव्हेंबरात बर्लिनमध्ये आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवायला १४ सत्ता जमल्या. पोर्तुगाल होता, अमेरिका होती, तुर्कस्तानच्या सुलतानाचा प्रतिनिधी होता. आफ्रिकेतले राज्य एकही नव्हते. १९१४ पर्यंत त्या खंडात स्वतंत्र म्हणावीत अशी दोनच उरली: इथिओपिया आणि लायबेरिया. सत्तेचाळीस वर्षांनी गोव्याच्या मतदानात भारताच्या बाजूने हात वर झाला त्यात याच लायबेरियाचा हात होता, आणि तो योगायोग मानायला मी तयार नाही.

‘आंतरराष्ट्रीय समाज’ म्हणून जो जमत होता त्याची गणती अशी: १८९९ च्या हेग परिषदेत २६ देश, १९०७ च्या दुसऱ्या हेग परिषदेत ४४. वाढ झाली ती मुख्यतः लॅटिन अमेरिकेमुळे. राष्ट्रसंघाचे मूळ सदस्य ४२ होते आणि त्याच्या सगळ्या आयुष्यात मिळून ६३ देश त्यात येऊन गेले. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे संस्थापक ५१. त्या ५१ मध्ये आफ्रिकेचे देश चार होते: इजिप्त, इथिओपिया, लायबेरिया आणि दक्षिण आफ्रिका. लॅटिन अमेरिकेचे होते २०.

भारताचे स्थान या सगळ्यात विलक्षण आहे. राष्ट्रसंघाचा मूळ सदस्य आणि संयुक्त राष्ट्रांचाही मूळ सदस्य, पण दोन्ही वेळी पारतंत्र्यात. व्हर्सायच्या तहावर भारताच्या वतीने सही केली ती ब्रिटिश मंत्री एडविन माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी. सॅन फ्रान्सिस्कोत १९४५ मध्ये भारताच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व सर रामस्वामी मुदलियार यांनी केले. फिलिपाइन्सही स्वतंत्र होण्याच्या एक वर्ष आधी तिथे होता, आणि युक्रेन व बेलोरशिया ही सोव्हिएत गणराज्ये स्वतंत्र सदस्य म्हणून मोजली गेली. सनद सदस्यांच्या सार्वभौम समतेवर उभी असली तरी कोणाला राष्ट्र म्हणून मोजायचे हे पहिल्या दिवसापासून सौद्याने ठरत होते.

हेगमध्ये पेशव्यांचा तह

सार्वभौमत्वाची ही मोजणी मराठी मुलखापर्यंत कशी पोचली, त्याचे एक प्रकरण महाराष्ट्रात फारसे सांगितले जात नाही. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगरहवेली स्वयंसेवकांनी पोर्तुगालच्या ताब्यातून मुक्त केली. संगीतकार सुधीर फडके त्यांत होते. पोर्तुगालला दमणहून तिकडे जायला भारतीय हद्द ओलांडावी लागे आणि भारताने ती वाट बंद केली होती. संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाल्यावर आठव्याच दिवशी, २२ डिसेंबर १९५५ रोजी, पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला: आम्हाला वाटेचा हक्क आहे.

त्या हक्काचा पुरावा म्हणून पोर्तुगालने पुढे केला तो १७७९ चा पुण्याचा तह. मराठ्यांनी या तहाने दमणलगतची गावे आम्हाला सार्वभौम हक्काने दिली, असा त्याचा युक्तिवाद होता. मराठ्यांच्या कारभाराची कागदपत्रे विसाव्या शतकातल्या न्यायाधीशांसमोर उलगडली गेली. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल आला. न्यायालयाने तह खरा मानला. पण त्या तहाने आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी १७८३ व १७८५ मध्ये निघालेल्या आज्ञापत्रांनी पोर्तुगीजांना मिळाला तो सालीना १२,००० रुपये उत्पन्नाचा सरंजाम, प्रदेशाची मालकी नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. पुढे इंग्रजांनी तिथे पोर्तुगीजांची सत्ता गृहीत धरली आणि भारतानेही ती मूकपणे चालू दिली होती, हेही त्याच निकालात नोंदवले आहे.

मतांची विभागणी मुद्द्यागणिक बदलली. सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या वाटेचा हक्क पोर्तुगालला होता: ११ विरुद्ध ४. सैन्य, पोलीस आणि शस्त्रे नेण्याचा हक्क नव्हता: ८ विरुद्ध ७. भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही: ९ विरुद्ध ६. भारतातर्फे तदर्थ न्यायाधीश म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला बसले होते.

मला या निकालात महत्त्वाचे वाटते ते हे की अठराव्या शतकातली मराठी राजवट एका गावावर तीनतीन जणांचे वेगवेगळे हक्क सहज नांदवत होती. महसूल एकाचा, चौथाई दुसऱ्याची, वतन तिसऱ्याचे. युरोपातून आलेल्या राज्यव्यवस्थेला हे चालत नाही. तिला प्रत्येक इंच जमिनीवर एकच धनी लागतो. पोर्तुगालने सरंजामाला सार्वभौमत्व म्हटले आणि जुन्या जगातला हक्क नव्या जगाच्या वहीत चढवू पाहिला. न्यायालयाने तो डाव उधळला, आणि तो उधळण्यासाठी त्याला मराठ्यांची महसूलपद्धती समजून घ्यावी लागली.

१९६० चे वर्ष

निकालाचे ते वर्षच मोजणी बदलणारे ठरले. १९५९ अखेर संयुक्त राष्ट्रांत ८२ देश होते. १९६० अखेर ९९. नव्या १७ पैकी १६ आफ्रिकेचे, सतरावा सायप्रस. पुढे १९६५ मध्ये ११७, १९७५ मध्ये १४४, १९९० मध्ये १५९. सोव्हिएत युनियन आणि युगोस्लाव्हिया फुटल्यावर १९९४ पर्यंत १८५. शेवटचा आला दक्षिण सुदान, १४ जुलै २०११ रोजी, आणि आकडा १९३ वर थांबला. संस्थेच्या इतिहासात नवा सदस्य न येता इतका काळ पूर्वी कधीच गेला नव्हता. त्या १९३ मध्ये आफ्रिकेचे ५४ आहेत. १९४५ मध्ये हे प्रमाण ८ टक्क्यांहूनही कमी होते, आज २८ टक्के आहे.

या वाढीतून आमसभा बदलली, परिषद फारशी बदलली नाही. किती देशांमागे परिषदेची एक जागा येते, ते काढून पाहू. १९४५ मध्ये ५१ देश आणि ११ जागा, म्हणजे ४.६ देशांमागे एक. १९६३ च्या डिसेंबरात ११३ देश आणि जागा त्याच ११, म्हणजे १०.३ देशांमागे एक. हे प्रमाण नव्या देशांना असह्य झाले आणि त्यांनी सनद बदलायला लावली. १७ डिसेंबर १९६३ रोजी परिषदेच्या जागा ११ वरून १५ करण्याचा ठराव ९७ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाला, ४ तटस्थ. फ्रान्स आणि सोव्हिएत युनियनने विरोधात मत दिले, अमेरिका आणि ब्रिटन तटस्थ राहिले. पाच बड्यांपैकी बाजूने एकच होता, तैपेईचा चीन. तरीही ३१ ऑगस्ट १९६५ पर्यंत या पाचही देशांनी दुरुस्तीला संमती दिली आणि ती लागू झाली. आशिया-आफ्रिकेची बहुसंख्या समोर उभी असताना नकार देऊन तिचा रोष ओढवून घेणे त्यांना परवडणारे नव्हते.

१९६५ मध्ये प्रमाण ७.८ वर आले. आज १९३ देश आणि १५ जागा, म्हणजे १२.९. जे प्रमाण १९६३ मध्ये असह्य ठरले होते, त्याहूनही आजचे वाईट आहे.

दुसरा हिशेब रांगेचा. अस्थायी जागा आज १० आहेत आणि दरवर्षी पाचांची निवडणूक होते. पाच स्थायी सोडले तर १८८ देश रांगेत. सगळ्यांना समान संधी मिळाली तर एका देशाची पाळी ३७ ते ३८ वर्षांनी येईल. १९४६ मध्ये हेच अंतर १५ वर्षे होते. प्रत्यक्षात संधी समान नसते: जपान १२ वेळा निवडून आला, ब्राझील ११ वेळा, भारत ८ वेळा, आणि ५० हून अधिक देश एकदाही नाहीत. भारतालाही १९९२ नंतर थेट २०११ मध्ये जागा मिळाली. मधल्या काळात १९९६ मध्ये जपानसमोर उभे राहून भारताला ४० मते पडली होती, जपानला १४२.

पैशाच्या संस्थांचे चित्र वेगळे नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मत हिश्शावर असते. अमेरिकेचा वाटा साडेसोळा टक्क्यांच्या आसपास आहे आणि महत्त्वाच्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात, म्हणजे ते एकट्या अमेरिकेला अडवता येतात. भारताचा वाटा तीन टक्क्यांहूनही कमी.

बहुसंख्या म्हणजे न्याय?

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की आमसभेची बहुसंख्या नेहमी बरोबर आणि परिषद नेहमी चूक. आकडे तसे सांगत नाहीत. ७ डिसेंबर १९७१ रोजी, बांगलादेशात लढाई चालू असताना, आमसभेने युद्धबंदी आणि सैन्य माघारीचा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी मंजूर केला. भारत त्या अकरांत होता. दहा वर्षांपूर्वी वसाहतवादाविरुद्ध उभे राहिलेले बहुतेक आफ्रो-आशियाई देश या वेळी समोरच्या बाजूला होते. कारण समजण्यासारखे आहे. आफ्रिकी एकता संघटनेने १९६४ मध्ये कैरो इथे ठरवले होते की स्वातंत्र्याच्या वेळी मिळालेल्या सीमा कोणी हलवायच्या नाहीत. त्या सीमा वसाहतवाद्यांनीच आखलेल्या होत्या, पण त्या उकरल्या तर प्रत्येक देशात एक नवे युद्ध पेटेल, ही भीती खरी होती. बांगलादेशासारखे उदाहरण त्यांना नको होते. पूर्व पाकिस्तानात जे अत्याचार चालले होते ते या भीतीपुढे मागे पडले, आणि हा त्या बहुसंख्येवरचा डाग आहे. परिषदेत त्या वेळीही सोव्हिएत नकाराधिकारच भारताच्या कामी आला. पुढे २५ ऑगस्ट १९७२ रोजी बीजिंगने आपला पहिला नकाराधिकार वापरला तो बांगलादेशाचा प्रवेश अडवायला. बांगलादेश १९७४ मध्ये सदस्य झाला.

म्हणून नकाराधिकार रद्द करा ही मागणी भारताच्या तोंडी सहज शोभत नाही. १९६१ आणि १९७१ या दोन्ही वेळी आपण त्याच्याच आडोशाला उभे होतो. पण तो आडोसा उसना होता. देणाऱ्याचे हित बदलले की तो जातो, आणि इतरांचा आडोसा आपल्याविरुद्धही उभा राहतो.

गेल्या काही वर्षांत दोन सभागृहांतले अंतर पुन्हा १९६१ सारखे दिसू लागले आहे. २ मार्च २०२२ रोजी युक्रेनवरच्या आक्रमणाचा निषेध आमसभेने १४१ विरुद्ध ५ मतांनी केला, ३५ तटस्थ, त्यात भारत. परिषदेत रशियाने तोच विषय आधी अडवला होता. १८ एप्रिल २०२४ रोजी पॅलेस्टाइनच्या पूर्ण सदस्यत्वाला परिषदेत १२ मते बाजूने, २ तटस्थ आणि अमेरिकेचे १ विरोधात, ठराव पडला. तीन आठवड्यांनी आमसभेत त्याच मागणीच्या बाजूने १४३ मते पडली, विरोधात ९. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी १९८९ नंतर नकाराधिकार वापरलेला नाही. आज तो प्रत्यक्षात तीन देशांचे हत्यार आहे.

आता सुधारणेचा हिशेब. १९६५ चे प्रमाण, म्हणजे ७.८ देशांमागे एक जागा, परत आणायचे तर १९३ देशांना २५ जागा लागतात. भारत, जपान, जर्मनी आणि ब्राझील यांनी २००५ मध्ये मांडलेल्या मसुद्यातही एकूण जागा २५ च होत्या. त्या मागणीवर अवास्तवपणाचा आरोप होतो, तो या आकड्यापुढे टिकत नाही. साठ वर्षांपूर्वी बड्यांनी जे प्रमाण मान्य केले, तेच ती परत मागते.

सनद बदलायला आमसभेत दोन तृतीयांश, म्हणजे १२९ मते लागतात, आणि नंतर पाचही स्थायी सदस्यांसह तितक्याच देशांची अंतिम संमती. आफ्रिकेचे ५४ वजा केले तर उरतात १३९. त्यांतून १२९ गोळा करणे अशक्य आहे, कारण पाकिस्तान आणि इटलीसारखे विरोधक त्या १३९ मध्येच आहेत. आफ्रिकी संघाने २००५ मध्येच दोन स्थायी जागा नकाराधिकारासह मागितल्या आहेत आणि त्याच वर्षी या मागणीचा चार देशांच्या मसुद्याशी मेळ बसला नाही, म्हणून तो मसुदा मताला गेलाच नाही. भारताने आपल्या जागेची मागणी आफ्रिकेच्या मागणीच्या आधी ठेवण्याचा आग्रह सोडावा आणि आफ्रिकेच्या दोन जागांसाठी प्रथम उभे राहावे. १२९ पर्यंत पोचणारी दुसरी वाट आकड्यांत दिसत नाही.